खोली कालच गेली

दहावीचा निकाल लागला की आमच्या इस्लापुरात पेढ्यांना आणि मला एकदम भाव येतो. पेढ्यांचा दोन दिवसांत उतरतो, माझा मात्र जून संपेपर्यंत टिकतो. सकाळी दात घासत असतानाच फोन वाजायला लागतो. कधी हिमायतनगरचा कुणी ओळखीचा, कधी बिलोलीचा कुणाचा तरी साडू. "दादा, पोरीला लातूरला टाकायलो, खोलीचं काही सांगता का?" मी तोंडातला फेस थुंकतो, गळा साफ करतो आणि सुरू होतो. बायको आतून म्हणते, लागला भोंगा.

तसा मी तालुक्याच्या कचेरीतला साधा कारकून. पण चार गावांत मला ओळखतात ते माईकमुळं. लग्न असो, नामकरण असो, कुणाच्या निवृत्तीचा सत्कार असो, निवेदन आपलं. वरबापाचं नाव मी असं घेतो की त्यालाच वाटावं, अरे, एवढा मोठा माणूस मी झालो कधी? मंडपातली वीज गेली तरी माझा आवाज शेवटच्या पंगतीपर्यंत जातो. आता अशा माणसाच्या हाती खोली शोधल्याची गोष्ट लागली तर तो ती सोडणार आहे का? हातवारे करून सांगतो, आवाज काढून सांगतो, रुमालाचा पदर करून घरमालकीण होतो. लोक हसून वाकतात. जेवता जेवता ठसका लागलेलेही पाहिलेत.

मला स्वतःला सांगताना काहीच होत नाही. हसू येत नाही, राग येत नाही. पूर्वी वाटायचं, हा माझ्या कलेचा संयम आहे. आता तसं वाटत नाही.

तर तो जून. आमची प्रज्ञा, एकुलती एक, दहावीला अशा गुणांनी पास झाली की लातूरच्या एका क्लासवाल्यानं आपणहून फोन करून निम्मी फी माफ केली. अट एवढीच की सोमवारी वर्ग सुरू होतील तेव्हा पोरगी बाकावर पाहिजे. नाहीतर सवलत पुढच्या नावाला. सरकारी वसतिगृहाची यादी लागायला अजून वेळ होता. लातुरात पुष्कळ आया दोन दोन वर्षं मुलांजवळ खोली करून राहतात, नवरे गावाकडं भात करपवत बसतात. आमच्या घरी ते जमण्यासारखं नव्हतं. प्रज्ञाची आई अंगणवाडी सेविका. ती गेली तर पगारही तिच्यामागं गेला असता. म्हणजे पोरगी एकटी राहणार होती, आणि सोमवारच्या आत तिला आतून कडी लागणारी एक खोली मिळायला हवी होती. एवढंच काम. बाप बोलका, पोरगी हुशार. मी बायकोला म्हणालो, एका दिवसात उरकून येतो.

लातूरला उतरलो तर सगळं शहर मान वर करून चाललेलं. मृग कॅलेंडरवरच लागून गेला होता, त्यामुळं आभाळाकडं बघण्यासारखं काही नव्हतं. लोक बघत होते गॅलऱ्यांकडं. कुठं 'खोली भाड्याने देणे आहे' असा पुठ्ठा लटकलाय का ते. प्रत्येक गल्लीत एक बाप, त्याच्या काखेत निकालाची फाईल, मागं नव्या चपलेनं पाय सोललेली आई, आणि त्यांच्या मागं आपल्याला नक्की कोण विकून चाललंय अशा चेहऱ्याचं लेकरू. चौकाचौकांत गेल्या वर्षीच्या पहिल्या आलेल्यांचे फोटो, एकेक चेहरा खिडकीएवढा. टँकर गळत जायचा आणि रस्त्यावर ओली रेघ उमटायची. कुत्री त्या रेघेवरून चालायची. एकदा मीही चाललो. प्रज्ञानं बघितलं.

खोली बघणं हे हुबेहूब मुलगी दाखवण्यासारखं असतं, फक्त इथं चहा मुलाकडचे पाजतात. पहिला प्रश्न, कुठले पाव्हणे? इस्लापूरचे. म्हणजे किनवटकडचे की, लई लांबून आलात. मग पाणी येतं. शेती हाय का? हाय थोडी. नोकरी? मी सांगतो, ते मान हलवतात, इथपर्यंत स्थळ पसंत असतं. मग आडनाव. आमचं आडनाव असं आहे की ते कुणाचंही असू शकतं, त्यामुळं तिथं त्यांची गाडी अडायची. मग ते हळूच म्हणायचे, सोयरे कुठं कुठं हायत तुमचे? बाहेरच्या माणसाला हा प्रेमाचा प्रश्न वाटेल. आमच्याकडं त्याला फार जुनं काम आहे. माणूस सोयऱ्यांची गावं सांगायला लागला की ऐकणारा मनातल्या मनात एकेक दार बंद करत जातो आणि शेवटी बरोब्बर तुमच्या घरापाशी येऊन थांबतो. मला त्या खेळाचा कंटाळा. मी सरळ माईकवरच्या आवाजात सांगून टाकायचो, आम्ही बौद्ध.

आणि त्या क्षणी खोली जायची. आदल्या दिवशीच गेलेली असायची. "अरारा, खोली तर कालच गेली बघा. पोरानं पाटी काढली न्हाई."

कुणी वाईट बोललं नाही, हे सांगायलाच पाहिजे. चहा अर्ध्यात काढून घेतला असंही झालं नाही. एका काकांनी तर दुसऱ्या गल्लीतला पत्ता दिला, गेटपर्यंत सोडायला आले, उन्हाचं डोक्याला काहीतरी बांधा म्हणाले. फक्त लातुरातल्या सगळ्या खोल्या आमच्या पोचण्याच्या एक दिवस आधी जात होत्या. मला तर वाटायला लागलं की आपण कालच यायला पाहिजे होतं.

मुक्काम उत्तमकडं होता. उत्तम माझा मावसभाऊ, गॅरेजात मेकॅनिक. एक खोली, बायको, तीन लेकरं, आणि आता त्यात आम्ही दोघं. संध्याकाळी मला खोड्या सुचल्या. ज्या काकांनी डोक्याला बांधायला सांगितलं होतं त्यांना मी उत्तमच्या फोनवरून फोन लावला. आवाज बदलला, देगलूरकडचा किराणा दुकानदार झालो, दोन तेलुगू शब्दही पेरले, आणि विचारलं की भाचीसाठी खोली पाहिजे होती. काका म्हणाले, हाव, हाव, रिकामीच हाय, सकाळी या. मी फोन ठेवला. उत्तम आणि मी हसून हसून लोळलो. प्रज्ञा पोहे खात होती. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मग जायचं का सकाळी?"

तिनं ते टोमण्यानं विचारलं नव्हतं. ती खरोखर विचारत होती. आम्ही दोघं हसायचे थांबलो.

मग उत्तम म्हणाला, दादा, तुम्ही एवढे नट, आडनाव तर कुणाचंही खपतंय, सांगा की दुसरी एखादी जात दोन वर्षं, कोण कागद बघतंय. मी लगेच खिळ्यावरचा आरसा काढून हातात घेतला. कपाळाला बोट लावून बघितलं, टिळा कसा दिसेल. चाल बदलून बघितली. खोटं कशाला सांगू, भूमिका चांगली होती. प्रज्ञा म्हणाली, "आणि आई भेटायला आली की तिला काय सांगू? तू कोण हायस म्हणून सांगू?"

आरसा उत्तमनं खिळ्यावर परत लावला.

न विचारणारी घरंही होती. एका मेसच्या मागं पत्र्याचं पार्टिशन टाकून केलेली खोली मिळत होती. मालकानं गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही. दाराला कडी होती, पण बाहेरून. जिन्यात मालकाचा मेहुणा मोबाइल घेऊन बसलेला. आम्ही वर गेलो, खाली आलो, तेवढ्या वेळात त्यानं मोबाइलकडं एकदाही पाहिलं नाही. रोज रात्री प्रज्ञाच्या आईचा फोन यायचा. ती भाडं विचारायची नाही, क्लास किती लांब ते विचारायची नाही. कडी आतून हाय का, एवढंच. जिथं कडी आतून होती तिथं सोयरे विचारत होते, आणि जिथं काही विचारत नव्हते तिथं कडी बाहेरून होती. हे तिला फोनवर कसं सांगायचं ते मला कळेना, म्हणून मी तिला टँकरच्या आणि कुत्र्यांच्या गमती सांगायचो.

मग हौदवाल्या काकू भेटल्या. हे नाव मीच ठेवलंय, गोष्टीत तेच चालतं. लातुरात खोली दाखवायच्या आधी हौद दाखवतात. पाण्यासाठी या गावानं जे भोगलंय त्यानंतर घरात देव कुठं आहेत हे एकवेळ दाखवणार नाहीत, पण अंगणातलं लोखंडी झाकण उचलून पाणी दाखवतील. काकूंनी झाकण उचललं. आम्ही तिघं वाकून बघितलं, तीन डोकी पाण्यात दिसली. मी म्हणालो, काकू, एवढं पाणी तर आमच्या सहस्रकुंडच्या धबधब्याला मे महिन्यात नसतं. काकू खूश. खोली वर, जाळीच्या खिडकीची, आतून दोन कड्या, एक खाली एक वर. शेजारच्या खोल्यांत मुलीच. क्लास इतका जवळ की घंटा ऐकू यावी. प्रज्ञानं वरची कडी लावून बघितली, काढली, परत लावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

खाली चहा झाला, सोयरे झाले, मी सांगितलं. काकूंनी 'कालच गेली' म्हटलं नाही, कारण खोली त्यांनी आत्ताच दाखवली होती. त्या थोडा वेळ बशीकडं बघत बसल्या. मग त्यांची नजर प्रज्ञाच्या वेणीवर गेली. वेणी कमरेच्या खाली. दर रविवारी तिची आई दारात बसून त्या केसांना तेल लावायची, आणि अर्धी गल्ली गप्पांना गोळा व्हायची.

काकू म्हणाल्या, पाण्याचं लई अवघड हाय हो इथं. एवढ्या केसांना पाणी किती लागत असंल. छोटे असते तर दिलीच असती मी.

आम्ही बाहेर आलो. मला तिथल्या तिथं त्यावर एक विनोद सुचला होता, पण प्रज्ञा दोन दुकानं सोडून पुढं एका ब्युटी पार्लरसमोर थांबली होती. ती म्हणाली, बाबा, पाण्याचंच असंल तर हे होण्यासारखं हाय.

मी काय म्हणायला हवं होतं हे मला आजही कळत नाही. मी म्हणालो, बघ बाई, डोकं तुझं.

पार्लरवाली तरुण होती, तोंडात पिना. तिनं वेणी हातात घेऊन तोलली, आणि किती ठेवू, असं विचारलं. प्रज्ञा म्हणाली, "एका तांब्यात धुऊन होतील एवढे ठेवा."

कात्री चालायला लागली. मी बाहेर पायरीवर बसलो. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्याची घुंगरं वाजत होती. मी रस मागवला, प्यायलो. गोड होता. बापानं अशा वेळी डोळे पुसावेत असं सगळीकडं पाहिलं-ऐकलंय. मी रसात बर्फ कमी घातलाय म्हणून रसवाल्याला टोकत होतो. प्रज्ञा बाहेर आली. मान एकदम लांब आणि उघडी दिसत होती, चौथीत असताना दिसायची तशी. ती म्हणाली, चला, ऊन वाढायच्या आत.

काकूंनी दार उघडलं. त्यांना ओळखायला क्षणभर लागला. मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्यावर गेला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी काय खरंच कापायला सांगितलं होतं का तुला?"

प्रज्ञा काही बोलली नाही. मीही नाही, आणि माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. काकू उंबऱ्यावर उभ्याच. मग त्यांनी आवाज खाली घेतला. माझं काही न्हाई गं माय, वरच्या पोरींचे आईबाप काय म्हणतील, ते सगळे आमच्या ओळखीचे. आणि शेवटी, सावकाश जा, ऊन लई हाय.

लग्नाच्या मंडपात मी ही गोष्ट सांगतो तेव्हा इथं सर्वांत मोठा हशा येतो. मी रुमालाचा अंबाडा करतो, त्यावर हात नेतो, डोळे मोठे करतो. एकदा प्रज्ञाही पंगतीत होती. लोक हसत होते. तिनं वरणभात नीट कालवला आणि जेवली.

त्या दिवशी रात्री तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी सांगितलं की केस कापले, इथं पाण्याची अडचण हाय म्हणून.  ती म्हणाली, बरं केलं, उकाडाही हाय. मग म्हणाली, कडी?

त्यानंतरच्या घरांचं मला नीट आठवत नाही. आम्ही गेलो असणार. मी बोललो असणार, छान बोललो असणार, कारण चहा मिळत होता. डॉक्टरकडं नंबर लावून बसलेला माणूस जसा भिंतीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचतो आणि त्याला कळत काही नसतं, तसं माझंच बोलणं मला ऐकू यायचं. गाव, शेती, नोकरी, सोयरे. कुणी विचारायच्या आधीच मी पुढचं उत्तर द्यायला लागलो होतो. पोरगी मटण शिजवणार न्हाई. पाहुणे येणार न्हाईत. सण करणार न्हाई. पाणी एक बादली.

रविवारी दुपारी उत्तमची बायको म्हणाली की आपल्याच वस्तीत, मागच्या गल्लीत, एक शिवणकाम करणारी बाई आहे. निलंग्याकडची, एकटी. तिची पुढची खोली रिकामी आहे. क्लास तिथून लांब, सायकलनं जायचं तर घामाघूम व्हायला होईल, म्हणून आम्ही तिकडं बघितलंच नव्हतं. आपल्याच वस्तीत राहायचं तर एवढ्या लांबून लातूरला कशाला आलो, असंही मला कुठंतरी वाटत असेल. गेलो. बाई मशीनवर होती. मी दारातच सुरू झालो. नमस्कार, आम्ही इस्लापूरचे, आम्ही बौद्ध, पोरगी मटण शिजवणार न्हाई, केस कापलेत, पाणी एक बादली. बाईच्या डोक्यावर भिंतीला तीच बुद्धाची तसबीर होती जी आमच्या घरात आहे, त्याच रंगाच्या चौकटीत. मला ती दिसत होती, आणि मी बोलत होतो.

बाईनं मशीन थांबवलं.

"मी इच्चारलं का काही?" ती म्हणाली. मग प्रज्ञाकडं बघून, "आणि मटण न्हाई, पाणी न्हाई, मग जगती कशावर ही? वाळून चालली की लेकरू."

प्रज्ञा हसली. मी बघितलं, ती हसली. मग दाराकडं गेली, आतून कडी लावली, काढली. सोमवारी ती बाकावर होती.

दोन वर्षं राहिली तिथं. डॉक्टर झाली का? नाही, थोडक्यात हुकलं. आता नांदेडला फार्मसी करते, शेवटच्या वर्षाला आहे. तिथं तिनं आणि दोन मैत्रिणींनी मिळून दोन खोल्या घेतल्यात. त्या कशा मिळाल्या, कुणी काय विचारलं, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. केस पुन्हा वाढवले नाहीत. सवय झाली म्हणते.

गेल्या आठवड्यात मी नांदेडला गेलो होतो, कचेरीच्या कामानं. दुपारी तिच्या खोलीवर टेकलो. तिघींपैकी एकीचं लग्न ठरलं म्हणून ती गेलेली, तिची जागा रिकामी झालेली. तीन मुलींमध्ये बसणारं भाडं दोघींवर आलं की काय होतं ते मला माहीत आहे. त्यांना कुणीतरी लवकर हवी होती. मी भिंतीला पाठ लावून मांडी घालून खाली बसलो होतो. प्रज्ञा शेंगा सोलत होती. फोन वाजला. कुणीतरी मुलगी होती, पहिल्यांदाच गाव सोडणारी असावी, आवाज फोनमधून माझ्यापर्यंत येत होता आणि घाईघाईनं येत होता. गावाचं नाव सांगत होती, वडील काय करतात ते सांगत होती, मी पूर्ण शाकाहारी आहे ताई, किंवा तुमच्याकडं मटण होत असलं तरी मला चालेल, असं काहीतरी. कुणीही न विचारता ती सगळं सांगत सुटली होती.

मी श्वास धरून बसलो. आता ही विचारेल. मालक विचारील म्हणून विचारेल, दुसरी मैत्रीण विचारील म्हणून विचारेल.

प्रज्ञानं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "कधी येतेस?"

पलीकडं एकदम शांत झालं.

"उद्या आलीस तरी चालतंय. दाराला आतून कडी हाय. जेवून नको येऊ, इथं करू काहीतरी." आणि फोन ठेवून ती परत शेंगा सोलायला लागली.

मी म्हणालो, अगं, नाव तरी विचारायचंस.

"येऊ द्या ना तिला आधी," प्रज्ञा म्हणाली. "सांगेल की."

माझ्याकडं या प्रसंगाला साजेसं एखादं वाक्य असायला हवं होतं. मी शोधलं. मंडपभर लोक बसलेत आणि माईक हातात आहे असं मनात आणून पाहिलं. काही आलं नाही. म्हटलं, निघतो, बस चुकेल. हात टेकून उठायला गेलो तर उजवा पाय जागेवर नव्हताच. कधी बधिर झाला होता कोण जाणे. मी भिंतीला धरून वाकडातिकडा उभा राहिलो. प्रज्ञानं शेंगांचं सुपडं बाजूला सारलं आणि माझा दंड धरला.

"हलू नका," ती म्हणाली. "आता मुंग्या येतील, दुखंल थोडं."

मी हललो नाही. मग मुंग्या आल्या.